जुनी परफॉर्मन्स बोट घेताना इंजिन आणि ड्राइव्ह कसं निवडावं?

सेंटलुईसकर (शनिवार, सकाळी ९:१०)

नमस्कार मंडळी,

सेंट लुईसमध्ये येऊन अकरा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात दोन-तीन कुटुंबं मिळून आम्ही मिसुरीतल्याच लेक ऑफ द ओझार्क्सला जातो, भाड्याची पॉन्टून (सपाट, संथ बोट) घेतो, पोरं पाण्यात आणि आम्ही डबे उघडून बसलेलो. तेवढ्यात शेजारून एखादी लांब नाकाची बोट जाते. आवाज आधी छातीत जाणवतो, बोट नंतर दिसते. अकरा वर्षं मी नुसता बघतोय. यंदा बायकोच म्हणाली, "घे एकदाची."

नवी परवडणार नाही, जुनीच घ्यायची. तीन बोटी नजरेत आहेत.

पहिली २४ फुटी, २००४ ची. एकच इंजिन, मर्क्रूझर ४९६ मॅग एचओ, ४२५ एचपी, मागे ब्राव्हो वन ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा बाहेरचा भाग). मीटरवर इंजिन चालल्याचे ४१० तास. जन्मभर गोड्या पाण्यात, असं मालक सांगतो.

दुसरी २९ फुटी, १९९८ ची. दोन ४५४ मॅग एमपीआय, प्रत्येकी ३८५ एचपी, दोन्हींना ब्राव्हो वन. ६२० तास. पहिली काही वर्षं फ्लोरिडात होती.

तिसरी २२ फुटी, १९९६ ची. ५०२ इंजिन बाहेरून बांधून घेतलंय. मोठा कॅम (झडपा उघडणारा दांडा), वर सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप), "६५० एचपी आरामात" असं जाहिरातीत आहे. ड्राइव्ह मूळचीच ब्राव्हो वन. किंमत तिघींत कमी. खरं सांगतो, जीव हिच्यात अडकलाय.

गाड्यांमधलं मला कळतं, बोटींमधलं फार नाही. जाणकारांनी मोकळेपणी सांगावं.

गिअरबॉक्स (शनिवार, दुपारी १२:३५)

मी विस्कॉन्सिनला, गिअर बनवणाऱ्या कारखान्यात २२ वर्षं काढलीत आणि स्वतःच्या दोन बोटी वापरून विकल्यात. जीव अडकलाय त्या बोटीपासूनच सुरुवात करतो.

अशा बोटींत, म्हणजे स्टर्नड्राइव्हमध्ये, इंजिनाची ताकद आडवी निघते, ड्राइव्हच्या वरच्या भागात काटकोनात वळून उभ्या शाफ्टने खाली उतरते, आणि खाली पुन्हा काटकोनात वळून प्रॉपला, म्हणजे पंख्याला, मिळते. म्हणजे तळहाताएवढ्या गिअरच्या दोन जोड्या सगळा भार वाहतात. गाडीत टायर जास्त ताकद आली की घसरतो आणि गिअरबॉक्स वाचतो. पाण्यात प्रॉप तसा घसरत नाही. त्यात बोट लाटेवरून उडाली की प्रॉप हवेत मोकळा फिरतो, इंजिन वर चढतं, आणि पुढच्या क्षणी तोच प्रॉप पाण्यात आपटतो. तो हिसका थेट गिअरच्या दातांवर येतो. ड्राइव्ह बहुतेक याच हिसक्याने जातात, सरळ पळण्याने क्वचित.

आता तुझं सरोवर बघ. १९३१ साली ओसेज नदीवर बॅग्नेल धरण पूर्ण झालं तेव्हा बनलेलं, म्हणजे मुळात बुडालेली नदीची दरी. लांबच लांब, अरुंद, काठाला काँक्रीटच्या भिंती. शनिवारी मोठ्या क्रूझर बोटींच्या लाटा त्या भिंतींवर आपटून परत येतात आणि पाणी चहूबाजूंनी खवळतं. २२ फुटी बोट तिथे दर मिनिटाला हवेत जाणार.

कारखान्यातून साधी ब्राव्हो वन ४२५ एचपीच्या मागे लागून यायची. ५२५ एचपीच्या इंजिनामागे सहसा जास्त दणकट ब्राव्हो वन एक्सआर दिसते. त्याच्या वर गेलास की नंबर सिक्ससारख्या ड्राइव्ह येतात, आणि त्यांच्या किमतीत तुझी पहिली बोट येईल. मग ६५० एचपीच्या मागे साधी ब्राव्हो म्हणजे काय, तर ड्राइव्ह हाच फ्यूज. हलकी बोट आणि जपून हाताळणारा माणूस असला तर काही हंगाम निघतात, तसे लोक मी पाहिलेत. पण तुला एचपी विकत मिळणार आणि ड्राइव्ह तू स्वतः विकत घेणार, हे हिशोबात धर.

शिवाय इंजिन कुणी बांधलं, पिस्टन कुठले, पेट्रोल किती ऑक्टेनचं लागतं, याची कागदपत्रं मागितलीस का? सुपरचार्जरवाल्या इंजिनाला हलकं पेट्रोल गेलं तर पिस्टन फुटायला एक दुपार पुरते.

टाम्पाची ताई (शनिवार, दुपारी ३:०५)

गिअरबॉक्स यांच्या शब्दाशब्दाला अनुमोदन. मी दुसऱ्या बोटीबद्दल बोलते, कारण "पहिली काही वर्षं फ्लोरिडात" हे वाचून पोटात गोळा आला.

आमची पहिली बोट अशीच घेतली होती. बाहेरून आरशासारखी. इंजिनरूम इतकी स्वच्छ की नवऱ्याने तिथेच हो म्हटलं. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि ठक्क करून थांबलं. मेकॅनिकने स्पार्क प्लग काढले, चावी फिरवली, आणि तिसऱ्या सिलिंडरमधून चहाच्या रंगाचं पाणी पिचकारीसारखं उडून माझ्या पायावर आलं. एक्झॉस्ट रायझर (धूर बाहेर नेणारा ओतीव नळ) आतून मिठाने खाल्ला होता. बाहेरून रंग नवा कोरा.

झालं असं की मरीन इंजिनात एक्झॉस्टच्या गरम वायूभोवती थंड पाणी खेळतं. दोघांमध्ये ओतीव लोखंडाची एक भिंत असते. खाऱ्या पाण्यात ती भिंत झिजते, भोक पडतं, इंजिन बंद केल्यावर पाणी उलट सिलिंडरमध्ये उतरतं. खाऱ्या पाण्यातल्या बोटीचे मॅनिफोल्ड-रायझर, म्हणजे एक्झॉस्टचे हे ओतीव भाग, आम्ही इकडे पाच-सहा वर्षांत बदलायचेच असं धरून चालतो. विकणाऱ्याकडे बदलल्याचं बिल नसेल तर बदललेले नाहीत असं समजायचं. दोन इंजिनं म्हणजे चार मॅनिफोल्ड, चार रायझर. तेवढे पैसे आधीच बाजूला काढ.

तिसऱ्या बोटीतही हाच धोका वेगळ्या वाटेने आहे. मोठा कॅम असला की मंद गतीला झडपा जास्त वेळ एकत्र उघड्या राहतात आणि इंजिन एक्झॉस्टमधलं पाणी स्वतःच आत ओढतं. त्याला साजेसा एक्झॉस्ट बसवलाय का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आता आम्ही आउटबोर्डवर आहोत. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्याला मी तेच सांगेन. इंजिन ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) बाहेर, बंदरात आलं की पूर्ण वर उचलून ठेवायचं, बेलोज (ड्राइव्हजवळची रबरी नळी) नाहीत, ड्राइव्हच्या शाफ्टचं गिंबल बेअरिंग नाही, बिघडलं तर चार बोल्ट काढून दुसरं लाव. मर्क्युरी रेसिंगचं ४५०आर आउटबोर्ड आलं तेव्हापासून वेगाच्या बोटींचं जगच बदललंय. पण गोड्या पाण्यात, तुझ्या बजेटमध्ये, जुनी स्टर्नड्राइव्ह पैशाला जास्त भारी पडते, हे मान्य.

नवखा (शनिवार, संध्याकाळी ६:२०)

वाचतोय, आवडतंय. एक भाबडा प्रश्न. ताकद दोनदा वळवायचीच कशाला? इंजिन आत आणि पंखा बाहेर असा उद्योग कुणी काढला?

गिअरबॉक्स (शनिवार, रात्री ८:००)

प्रश्न चांगला आहे. आधी दोनच वाटा होत्या. इंजिन बोटीच्या पोटात आणि तळातून तिरका शाफ्ट, नाहीतर मागे लटकवलेलं आउटबोर्ड. पहिल्यात ताकद भरपूर, पण ड्राइव्ह वर उचलता येत नाही. दुसऱ्यात उचलता येतं, पण त्या काळी ताकद कमी. जिम विन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने मोटारीचं इंजिन आत ठेवून मागे आउटबोर्डचा पाय जोडण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि १९५९ मध्ये व्होल्व्हो पेंटाने ती अ‍ॅक्वामॅटिक नावाने बाजारात आणली. पाठोपाठ मर्क्रूझर आली. एकाच अक्षावर उलटसुलट फिरणारे दोन प्रॉप, म्हणजे ड्युओप्रॉप, तेही व्होल्व्हो पेंटाचंच, १९८२ चं. धक्क्याला लावताना आणि जड बोट पाण्यावर उचलताना ते फार छान. सर्वात वरच्या वेगाला मात्र एकच प्रॉप बरा, कारण पाण्यात घासणारं धातू कमी.

मिशिगनवासी (शनिवार, रात्री ९:४५)

दोन इंजिनं की एक, यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. माझ्याकडे लेक सेंट क्लेअरवर नऊ वर्षं दोन इंजिनांची बोट आहे.

सुख दोन. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता. आणि धक्क्याला लावताना एक पुढे, एक मागे टाकलं की बोट जागच्या जागी फिरते, वाऱ्याच्या दिवशी हे वरदान आहे.

बाकी सगळं दुप्पट. १६ स्पार्क प्लग, दोन इम्पेलर (पाण्याच्या पंपातली रबरी चाकं), बेलोजचे दोन संच, दोन गिंबल बेअरिंग, तेल दुप्पट. पेट्रोल तर विचारू नका. वेग मात्र दुप्पट होत नाही, कारण दुसऱ्या इंजिनाबरोबर त्याचं वजन आणि दुसरी ड्राइव्हही पाण्यातून ओढायची असते. पहिल्यांदा बोट घेणाऱ्याने, स्वतः पाना हातात धरणार नसेल तर, दोन इंजिनांच्या वाटेला जाऊ नये असं माझं प्रांजळ मत.

थंडीचं एक सांगायचं राहिलं. मिसुरीतही पाणी गोठतं. एखाद्या मालकाकडून एका वर्षी ब्लॉकमधलं (इंजिनाच्या ओतीव धडातलं) पाणी काढायचं राहून गेलं की बर्फ फुगून ब्लॉकला बाहेरच्या अंगाने आडवी चीर पाडतो. लोक ती बुजवून रंग मारतात. टॉर्च घेऊन वाकून ब्लॉकच्या दोन्ही कुशी बघा. एकाच पट्ट्यात नवा रंग दिसला, नाहीतर बोटाला उंचवटा लागला, की परत फिरा.

तारकर्ली (रविवार, सकाळी ७:३०)

आम्ही मालवणात वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी चालवतो, सगळी आउटबोर्ड. तुमच्याएवढ्या मोठ्या इंजिनांचा अनुभव नाही. पण जुनं इंजिन घेताना फसवणूक जगभर सारखीच असते, म्हणून सांगतो.

आम्ही बघायला जातो तेव्हा आदल्या रात्री फोन करून बजावतो, मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. गेल्यावर आधी हात लावायचा. गरम लागलं तर तिथेच शंका घ्यायची. थंड इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा, किती वेळात आवाज बसतो, यात निम्मी जन्मकुंडली कळते. गरम इंजिन सगळंच लपवतं.

दुसरं, पंखा हाताने फिरवून बघा आणि त्याच्यामागे नायलॉनची गरी-दोरी अडकलीय का बघा. मासेमारीची दोरी शाफ्टला गुंडाळली की सील कापते आणि पाणी गिअरच्या तेलात शिरतं. आमच्याकडे ही रोजची तक्रार. तुमच्या सरोवरात गळ टाकणारे असणारच.

सेंटलुईसकर (रविवार, सकाळी ८:१५)

तारकर्लीदादा, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. गिअरबॉक्स साहेब, पुढच्या शनिवारी तिन्ही बघायला जातोय, मेकॅनिकला पैसे देऊन सोबत नेतोय. ड्राइव्ह उघडल्याशिवाय तिची तब्येत कशी ओळखायची?

गिअरबॉक्स (रविवार, सकाळी ११:५०)

मेकॅनिक सोबत नेतोयस, फार बरं केलंस. त्याला सांग, सुरुवात ड्रेन स्क्रूपासून.

ड्राइव्हच्या तळाच्या स्क्रूला चुंबक असतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ते वयाचं झिजणं, चालतं. बोटांत चोळल्यावर कणी टोचली, चकाकणारा कपचा दिसला, तर दात तुटायला लागलेत. तेल दुधासारखं पांढुरकं असेल तर पाणी आत. तेल जळकं, काळं आणि उग्र वासाचं असेल तर ड्राइव्ह तापलेली आहे. तेल कालच बदललं असं मालक आनंदाने सांगत असेल तर जास्त सावध व्हा, पुरावाच गेला.

मग पाणी जोडून इंजिन चालू करा आणि मंद गतीला सुकाणू पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. ट्रान्समजवळ घरघर ऐकू आली तर गिंबल बेअरिंग, टकटक आली तर यू-जॉइंट (शाफ्टचा सांधा). बेलोज म्हणजे रबराची ती पन्हाळी नळी, ड्राइव्ह वर उचलून तिच्या घड्या बोटांनी फाकवून बघा. घडीच्या तळाशी केसासारखी भेग असते, वरून दिसत नाही. ती फाटली की पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पुढे बोटीतही. कोणत्याही निकालात बेलोज आणि बेअरिंग बदलण्याचे पैसे धराच.

ड्राइव्ह दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी हलवा. सुकाणू स्थिर असताना ती ढकलाढकलीत खेळत असेल तर गिंबल रिंग (ड्राइव्ह धरणारी कडी) ढिली आहे. ७० मैलांच्या वेगाला तो ढिलेपणा बोटीला डुलवतो, आणि ते माणसं जखमी करणारं प्रकरण आहे.

पहिल्या बोटीसाठी खास: ४९६ ला कॉम्प्युटर आहे. मेकॅनिकचं स्कॅन यंत्र जोडलं की इंजिन किती तास कुठल्या आरपीएमला चाललं याचा हिशोब निघतो. डॅशबोर्डवरच्या तासांपेक्षा तो खरा.

आणि पाण्यावर नेल्याशिवाय एक डॉलर देऊ नकोस. सोबत हा हिशोब ने. आरपीएम गुणिले प्रॉपची पिच (एका फेऱ्यात तो जितके इंच पुढे सरकायला हवा ते), भागिले गिअर रेशो (प्रॉपच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे), भागिले १०५६. उत्तर येतं ताशी मैलांत, प्रॉप अजिबात घसरला नाही तर किती वेग मिळेल ते. जीपीएसचा खरा वेग त्याहून १० ते १५ टक्के कमी हवा. फरक त्याहून फार मोठा असेल तर प्रॉप चुकीचा किंवा वाकलेला, किंवा त्याचा रबर हब निसटतोय, किंवा तळ घाण आहे.

टाम्पाची ताई (रविवार, दुपारी १:१०)

आणि चाचणीला किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला किंवा जॅकेटला. मालक लावत नसला तरी तू लाव. आधी विम्यालाही फोन कर, काही कंपन्या या वेगाच्या बोटी घेतच नाहीत, काही सर्व्हेअरचा (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल मागतात.

सेंटलुईसकर (पुढचा रविवार, रात्री ९:३०)

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुमच्यापैकी प्रत्येकाचं वाक्य तिथे कुठे ना कुठे उपयोगी पडलं.

तिसरी बोट आधी. फोन करून सांगितलं होतं तरी इंजिन गरम होतं. मालक म्हणाला, "जरा चालवून ठेवली तुमच्यासाठी." आवाज ऐकून अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मेकॅनिकने ड्रेन स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. चुंबकावर नखाच्या टोकाएवढा एक चकचकीत त्रिकोण चिकटलेला होता. गिअरच्या दाताचा कोपरा. बाकी काही विचारायची गरज उरली नाही. इंजिनाची बिलंही नव्हती.

दुसरी बोट दिसायला सर्वात देखणी. रायझरचं बिल नाही. डाव्या इंजिनाच्या सात सिलिंडरांत कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) १४५ ते १५५, आणि एकात ९५. मेकॅनिकने दोनदा मोजलं. ताई, मला तुमच्या पायावरचं ते पाणी आठवलं.

पहिली बोट थंड होती, हात लावून बघितला. अर्ध्या चावीला उठली. ड्राइव्हचं तेल हिरवट, स्वच्छ, चुंबकावर मऊ लेप. ब्लॉकच्या दोन्ही कुशींना मूळचा रंग. सुकाणू फिरवल्यावर मात्र हलकी घरघर आली, आणि बेलोजच्या घडीत भेगा होत्या. पाण्यावर ४८०० आरपीएम, प्रॉप २६ पिच, रेशो १.५०. हिशोबाने ७८.८ मैल, जीपीएसवर ६७.५. म्हणजे साधारण १४ टक्के फरक.

आता खरा प्रश्न. स्कॅन यंत्रात तास निघाले ६५५. मीटरवर ४१०. मालकाचा चेहरा उतरला. त्याने बोट पाच वर्षांपूर्वी घेतली, मीटर आधीच बदललेलं असावं असं म्हणतो. माणूस खोटा वाटला नाही. पण मन खट्टू झालंय. सोडून द्यावी का?

मिशिगनवासी (रविवार, रात्री १०:०५)

आरपीएमची वाटणी काय आली?

सेंटलुईसकर (रविवार, रात्री १०:१२)

बहुतेक तास ३०००-४००० च्या पट्ट्यात आणि त्याखाली. ४५०० च्या वर एकूण १९ तास.

गिअरबॉक्स (रविवार, रात्री १०:४०)

मग सोडू नकोस. २००४ च्या इंजिनाला ६५५ तास म्हणजे वर्षाला फार नाहीत, आणि १९ तास सोडले तर कुणी तिला पिळलेलं नाही. माझ्या अनुभवात वर्षानुवर्षं नुसत्या उभ्या राहिलेल्या इंजिनांनी जास्त त्रास दिलाय. सील सुकतात, पेट्रोल टाकीत सडतं, इम्पेलरची पाती एकाच बाजूला वळून बसतात. कॉम्प्रेशन सगळीकडे सारखं आलं ना?

पण २४५ तासांची किंमत कमी करून घ्यायची. बोट ४१० तासांची म्हणून विकायला काढली होती. बेलोज, गिंबल बेअरिंग, यू-जॉइंट, पाण्याचा पंप, एवढं मालकाच्या पैशाने, तुझ्या मेकॅनिककडून. आणि एक जाणून ठेव. ४९६ चा हा ८.१ लिटरचा ब्लॉक जनरल मोटर्सने २००९ मध्येच बंद केला. रोजचे भाग मिळतात, पण पूर्ण इंजिन बदलायची वेळ आली तर शोधावं लागेल. म्हणून तेल आणि तापमान यांत कधीही आळस करायचा नाही.

सेंटलुईसकर (बुधवार, सायंकाळी ७:५०)

कॉम्प्रेशन आठही सिलिंडरांत १६० ते १६८. मालक तयार झाला. किंमत साडेतीन हजार डॉलरने उतरवली, वर बेलोज, बेअरिंग, यू-जॉइंट आणि पंप त्याच्याकडून. सर्व्हेअरचा अहवाल आला, विमाही झाला. शुक्रवारी बोट ताब्यात येतेय. बायकोने नारळ आणून ठेवलाय.

इंजिनरूममध्ये ड्राइव्हच्या तेलाची एक प्लॅस्टिकची बाटली दिसते. तिचं काय करायचं?

गिअरबॉक्स (बुधवार, रात्री ८:३०)

अभिनंदन रे! तीच बाटली आता तुझी नाडीपरीक्षा. बोट थंड असताना तेलाच्या पातळीवर काळ्या मार्करने रेघ मार आणि दर वेळी निघण्याआधी बघ. गरम झाल्यावर थोडी वर जाते, ते सोडून दे. थंड असताना पातळी उतरत गेली तर तेल बाहेर गळतंय. चढत गेली किंवा रंग पांढुरका झाला तर पाणी आत येतंय, त्याच दिवशी बोट बाहेर काढ. नवे सील बसलेत, म्हणून पहिले चार-पाच दिवस जरा जास्तच लक्ष ठेव.

तारकर्ली (गुरुवार, सकाळी ६:४५)

अभिनंदन! नारळ धक्क्यावरच फोडा, करवंटीचे तुकडे पाण्यात जाऊ देऊ नका, पंख्यात येतात.

सेंटलुईसकर (शनिवार, रात्री ११:२०)

नारळ धक्क्यावर फोडला, दादा. आज तीन तास फिरलो. पोरगी पुढे बसून ओरडत होती, बायकोने ६० ला सांगितलं, "बास आता." परत आल्यावर बोट थंड होईपर्यंत थांबलो आणि टॉर्च घेऊन बाटली बघितली. तेल बरोबर रेघेवर आहे.